कोल्हापूरहून सांदकफू: एका संस्थेच्या पदभ्रमण सेवेचे परीक्षण

समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवरच्या कोल्हापुरात राहणाऱ्या माणसांना साडेतीन हजार मीटरांच्या वर नेणारी संस्था चांगली की वाईट, हे ठरवताना मी दोन गोष्टी पाहते. ती आपल्याला किती सावकाश वर नेते आणि प्रसंग आला तर वर न नेण्याचा निर्णय घेण्याची तिची तयारी आहे की नाही. कोल्हापुरातील ज्या संस्थेबरोबर मी दिवाळीनंतर सांदकफूच्या शिखरावर जाऊन आले, ती या दोन्ही बाबतींत खरी उतरली. काही बाबतींत मात्र ती स्पष्टपणे कमी पडली आणि त्यांचीही येथे सविस्तर चर्चा करायची असल्यामुळे मी संस्थेचे नाव घेत नाही. आपल्याकडून हिमालयात गट नेणाऱ्या संस्था आता बऱ्याच आहेत. त्यांपैकी कोणाकडेही पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे आणि काय विचारावे, हे वाचकांना या परीक्षणातून समजावे अशी माझी इच्छा आहे.

सांदकफू हे पश्चिम बंगालमधील सर्वांत उंच शिखर असून त्याची उंची ३,६३६ मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटरांचे आहे; तिची उंची दुप्पट केली तरी सांदकफू आणखी साडेतीनशे मीटर वर उरते. दार्जिलिंग जिल्हा आणि नेपाळचा इलाम जिल्हा यांच्यामधून सिंगालीला ही डोंगररांग दक्षिणोत्तर जाते आणि तिच्या धारेवरूनच दोन देशांची सीमा जाते. १८१६ च्या सुगौली तहाने मेची नदीच्या पूर्वेचा प्रदेश नेपाळकडून गेला, तेव्हापासून या भागातील सीमेला आजचे रूप येत गेले. रांगेचा भारतीय बाजूचा वनप्रदेश १९९२ मध्ये सिंगालीला राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. शिखरावर पोहोचण्यासाठी दोर, बर्फकुऱ्हाड किंवा गिर्यारोहणाचे तांत्रिक शिक्षण लागत नाही; थेट माथ्यापर्यंत जीप जाते. नेमक्या याच कारणामुळे लोक या शिखराला हलक्यात घेतात आणि आयोजकही त्याची जाहिरात ‘कोणालाही जमेल असा ट्रेक’ अशी करतात. पायांना जमणे आणि शरीराला उंची सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जी संस्था पहिल्याच बैठकीत सांगते, तिच्यावर निम्मा विश्वास तेथेच बसतो.

आमच्या संस्थेने ते सांगितले, आणि ते कोल्हापूरकरांना समजेल अशा पद्धतीने सांगितले. आपल्याकडे दर जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती मोठ्या संख्येने केली जाते. जुलै १६६० मध्ये छत्रपती शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेवरून भर पावसात, चिखलातून चालणे हे चिकाटीचे काम आहे आणि ते केलेल्या माणसाला आपल्या पायांची खात्री वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पन्हाळगड हजार मीटरांच्याही आत आहे. तेथे दम लागतो तो श्रमाने. सांदकफूच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांहूनही थोडा कमी असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो आणि बसल्या जागीही छाती भरून आल्यासारखी वाटते. सराव करून पाय तयार करता येतात, विरळ हवेची सवय मात्र उंचीवर राहूनच होते, हे गटप्रमुखांनी पहिल्या बैठकीतच स्पष्ट केले. पावनखिंड अनेकदा केलेल्या एका गृहस्थांना ते पटले नाही, आणि त्यांचा संबंध पुढे येणार आहे.

सरावाची व्यवस्था चांगली होती. मोहिमेपूर्वीच्या रविवारी पहाटे जोतिबाच्या डोंगरावर पाठपिशवीत वजन घेऊन चढ-उतार, अधूनमधून पन्हाळ्याची चढण, आणि एरवी प्रत्येकाने रंकाळ्याभोवती वेगाने चालणे असा कार्यक्रम होता. त्यातही मला सर्वांत मोलाची वाटली ती एक सूचना: ‘‘बोलता येतंय तेवढ्याच वेगानं चाला. वाक्य तुटायला लागलं की थांबा.’’ गटप्रमुख वयाने माझ्या मुलाएवढे. आम्ही सारेजण त्यांना दादाच म्हणत होतो. जोतिबाच्या पायऱ्यांवर पुढे धावणाऱ्या तरुणांना ते हाक मारून मागे बोलावत आणि पुन्हा गटाबरोबर चालायला लावत. त्या वेळी काहींना ते जाचक वाटले. सांदकफूच्या वाटेवरच्या शेवटच्या मुक्कामाच्या, म्हणजे कालीपोखरीच्या वर सर्वांना त्याचे कारण कळले. नवे बूट मोहिमेतच प्रथम घालू नयेत, ते आधी या सरावात वापरून पायाला बसवावेत, हा नियमही त्यांनी प्रत्येकाचे बूट डोळ्यांनी पाहून पाळून घेतला.

वैद्यकीय तपासणीबाबतही संस्था काटेकोर होती. रक्तदाब, मधुमेह, दमा आणि हृदयविकार यांची माहिती लेखी घेतली गेली आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र दिल्याशिवाय नाव निश्चित झाले नाही. उंचीचा त्रास टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अॅसिटाझोलामाइड या गोळीविषयी संस्थेने स्वतः काही न सुचवता प्रत्येकाला आपापल्या डॉक्टरांकडे पाठवले, हे मला योग्य वाटले. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांना ही गोळी घेण्यापूर्वी विशेष काळजी घ्यावी लागते, आणि आयोजकाने ती प्रसादासारखी वाटणे धोक्याचे आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र सूचना अपुऱ्या होत्या. यादीत केवळ आधार कार्ड आणि छायाचित्रे एवढेच लिहिले होते. या वाटेवरचे काही मुक्काम प्रत्यक्ष नेपाळच्या भूमीवर असतात आणि वाटेत सशस्त्र सीमा बलाच्या चौक्यांवर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते. नेपाळमध्ये जाणाऱ्या भारतीय नागरिकाने पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवणे हा सरळ मार्ग आहे, आणि ते यादीत पहिल्या क्रमांकावर असायला हवे होते. आमची कोठे अडवणूक झाली नाही, पण सीमेवरून चालणाऱ्या गटाची कागदपत्रे जवानांच्या सौजन्यावर सोपवणे बरोबर नव्हे.

शुल्क दर हंगामात बदलते, म्हणून आकडा देत नाही; त्याची विभागणी सांगते. कोल्हापूर ते उत्तर बंगालमधील बागडोगरा विमानतळ हा प्रवास शुल्कात धरलेला नव्हता आणि तो ज्याचा त्याने करायचा होता. आमच्यापैकी बहुतेकांनी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठून तेथून बागडोगऱ्याचे विमान धरले. बागडोगरा ते मानेभंज्यांग ही मिरिक आणि सुखियापोखरीवरून जाणारी गाडी, सर्व मुक्काम, सकाळ-संध्याकाळचे जेवण, स्थानिक मार्गदर्शक, उद्यानाचे प्रवेशशुल्क आणि परतीची गाडी हे सारे शुल्कात होते. हे आधीच लेखी दिले होते आणि वाटेत कोठेही जादा पैसे मागितले गेले नाहीत. सामान वाहून नेण्याची सोय हवी असल्यास वेगळे पैसे होते, तेही आधीच सांगितले होते. पैशांच्या व्यवहारात ही संस्था स्वच्छ आहे.

मानेभंज्यांग हे सुमारे २,१०० मीटर उंचीवरचे छोटे बाजारगाव या वाटेचे दार आहे. राष्ट्रीय उद्यानात स्थानिक मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही आणि ही नोंदणी येथेच होते. पूर्वी या गावातून वर जाण्यासाठी ब्रिटिश काळाची आठवण करून देणाऱ्या जुन्या लँडरोव्हर गाड्या धावत. अजूनही काही दिसतात, पण प्रवाशांची बहुतेक वाहतूक आता बोलेरोने होते. आम्हाला मिळालेले मार्गदर्शक इलामकडच्या नातेसंबंधांतले, दोन्ही बाजूंची गावे आणि माणसे ओळखणारे, मोजके बोलणारे होते. नेपाळीत थोरल्या भावाला दाजू म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना दाजूच म्हणू लागलो. संस्थेने त्यांना केवळ कायद्यापुरते बरोबर घेतले नव्हते. हवामान, वेळ आणि थांबे यांबाबत आमचे गटप्रमुख त्यांचा शब्द अंतिम मानत, आणि कोल्हापूरहून गेलेल्या तरुण आयोजकाने असे वागणे हे मला त्याच्या प्रगल्भतेचे लक्षण वाटले.

पहिल्या चालीच्या दिवशी चित्रे आणि मेघमा या वस्त्यांवरून तुमलिंगपर्यंत चढायचे असते. चित्रेपर्यंतची चढण दमवते, तेथून पुढे धार रुंद होते आणि मेघमाला नावाप्रमाणेच ढग अंगावरून जातात. येथे माझी पहिली मोठी तक्रार नोंदवते. संस्थेच्या माहितीपत्रकात जंगलातल्या पायवाटांचीच छायाचित्रे होती. प्रत्यक्षात मानेभंज्यांगपासून सांदकफूपर्यंतच्या तीसेक किलोमीटरांच्या वाटेचा फार मोठा भाग गाडीरस्त्यावरून किंवा त्याच्या शेजारून जातो. कोठे जुने दगड रचलेले आहेत, कोठे काँक्रीट झाले आहे, आणि सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची ये-जा सतत असते. दाजूंनी शक्य तेथे आडवाटा काढून दिल्या, तरी धुळीचा आणि भोंग्यांचा त्रास झालाच. चालणाऱ्याने हे आधी जाणून घेतले असते तर अपेक्षाभंग झाला नसता. ज्या संस्थेने उंचीबद्दल इतके प्रामाणिकपणे सांगितले, तिने रस्त्याबद्दल मौन का बाळगावे, हे मी गटप्रमुखांना विचारले. पुढच्या माहितीपत्रकात दुरुस्ती करण्याचे त्यांनी मान्य केले.

तुमलिंग सुमारे २,९०० मीटरांवर, नेपाळच्या हद्दीत आहे. सीमेवरचे चालणे म्हणजे काय, हे येथे कळते. कुंपण नाही, फाटक नाही. गवतात मधूनच एखादा क्रमांक घातलेला सीमास्तंभ उभा असतो आणि वाट त्याच्या कधी उजवीकडून, कधी डावीकडून जाते. भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५० च्या मैत्री करारामुळे दोन्ही देशांचे नागरिक एकमेकांच्या हद्दीत मोकळेपणाने ये-जा करू शकतात. इतर परदेशी प्रवाशांचे नियम वेगळे आहेत. भ्रमणध्वनीला मात्र हा मोकळेपणा मानवत नाही. तो नेपाळी मनोऱ्याला जोडला गेला की घड्याळ पंधरा मिनिटे पुढे जाते, कारण नेपाळची प्रमाणवेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे. सर्व वेळा भारतीय घड्याळाप्रमाणे पाळल्या जातील आणि फोनमधील स्वयंचलित वेळ बंद करावी, ही सूचना संस्थेने मानेभंज्यांगलाच दिली होती, त्यामुळे पहाटेच्या निघण्यात गोंधळ झाला नाही. भारतीय शंभर रुपयांना नेपाळी एकशे साठ हा ठरलेला दर असून वाटेवरच्या दुकानांत आपल्या नोटा सहज चालतात. ऑनलाइन पैसे देण्यावर मात्र विसंबू नये, हेही त्यांनी बजावले होते.

तुमलिंगहून वाट प्रथम खाली गैरीबासला उतरते आणि मग कालीपोखरीकडे पुन्हा चढते. मिळवलेली तीनशे-साडेतीनशे मीटर उंची गमावून पुन्हा चढायची, याचा अनेकांना वैताग येतो. परंतु या वाटेचा उंचसखलपणाच शरीराला हळूहळू सवय लावतो. तीन हजार मीटरांच्या वर एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा दुसऱ्या रात्रीचा मुक्काम पाचशे मीटरांहून अधिक उंच असू नये, असा उंचीवरील वैद्यकशास्त्राचा संकेत आहे. तुमलिंगनंतर सुमारे ३,१९० मीटरांवरच्या कालीपोखरीला रात्र काढली आणि मग सांदकफूला गेले, तर हा संकेत बरोबर पाळला जातो. याउलट मानेभंज्यांगला गाडीत बसून त्याच दुपारी माथ्यावर उतरणारा प्रवासी काही तासांत दीड हजार मीटर वर येतो. शिखरावर डोके धरून बसलेली, ओकाऱ्यांनी हैराण झालेली जी माणसे आम्ही पाहिली, ती बहुतेक अशीच आलेली होती. आमच्या संस्थेचे वेळापत्रक इतर काही आयोजकांपेक्षा लांब होते आणि त्यामुळे शुल्कही थोडे जास्त होते. ते पैसे नेमके या सावकाशपणासाठी आहेत आणि ते आनंदाने द्यावेत असे माझे ठाम मत आहे.

आता कालीपोखरीची घटना. हे काळसर पाण्याचे छोटे तळे बौद्ध भाविकांना पवित्र आहे. त्याच्या काठाने पताका फडफडत असतात आणि कडाक्याच्या थंडीतही ते गोठत नाही असे तेथील लोक सांगतात. मुक्कामाला पोहोचल्यावर रोज संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावून प्रत्येकाची नोंद वहीत होत असे आणि डोके दुखते का, भूक लागली का, झोप लागली का, हे नावानिशी विचारले जाई. मी वर ज्या गृहस्थांचा उल्लेख केला, ते चालण्यात सर्वांत पुढे होते. त्या संध्याकाळी त्यांनी जेवण नाकारले आणि दमल्याचे कारण सांगितले. गटप्रमुखांनी ते कारण मान्य केले नाही. विचारपूस करता डोकेदुखी दुपारपासूनची असल्याचे कळले, ऑक्सिमीटरवरचा आकडा इतरांपेक्षा बराच खाली होता, आणि सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालायला सांगितले तेव्हा त्यांचा तोल गेला. तोल जाणे हे मेंदूवर सूज येऊ लागल्याचे लक्षण असू शकते, आणि अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहायची नसते. दादांनी तेथल्या तेथे गाडी मागवली, सहायकाला बरोबर दिले आणि अंधार पडलेला असतानाही त्यांना गैरीबासला, म्हणजे साडेपाचशे मीटर खाली, पाठवले. त्या गृहस्थांनी पुष्कळ विरोध केला. कोल्हापूरहून इतक्या लांब आल्यावर शिखर सहा किलोमीटरांवर राहिले असताना परत जायचे हे त्यांना सोसवेना, आणि त्यांचे मित्रही त्यांच्या बाजूने बोलू लागले. दादांनी आवाज चढवला नाही, पण निर्णयही बदलला नाही. गैरीबासला उतरल्यावर काही तासांत त्यांची डोकेदुखी ओसरली आणि दुसऱ्या दिवशी ते व्यवस्थित जेवले. उंचीच्या आजारावर खरे औषध खाली उतरणे हेच आहे. गोळ्या आणि प्राणवायूचे नळकांडे ही तोपर्यंतची सोबत असते. ज्या गाडीरस्त्याबद्दल मी वर तक्रार केली, त्याच रस्त्याने हे उतरणे शक्य केले, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. या एका रात्रीसाठी मी या संस्थेची शिफारस कोणाकडेही करीन.

मुक्कामांची सोय साधी आणि पुरेशी होती. लाकडी भिंतींच्या लॉजमध्ये जाड रजया मिळतात, सामाईक खोल्यांत स्त्रियांची व्यवस्था वेगळी होती, आणि तसे आश्वासन दिले होते ते पाळले गेले. स्वच्छतागृहे बहुतेक ठिकाणी खोलीबाहेर होती. पहाटे पिंपातले पाणी गोठलेले असे आणि गरम पाणी बादलीने मागून घ्यावे लागे. गुडघेदुखी असलेल्या स्त्रियांनी भारतीय पद्धतीच्या शौचालयांची तयारी ठेवावी. मासिक पाळीच्या काळातील गरजांविषयी संस्थेने बैठकीत एक शब्दही काढला नव्हता. गटात स्त्रिया जवळजवळ निम्म्या होत्या. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर यांनी २०२२ मध्ये एव्हरेस्ट सर केले, तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या अनेक घरांतल्या मुली हिमालयाच्या मोहिमांची चौकशी करताना मी पाहते. अशा वेळी निदान एक स्त्री सहायक गटात असणे संस्थेने आवश्यक मानले पाहिजे.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. डाळ-भात, बटाट्याची भाजी, गुंद्रुकचे आंबट सार, थुक्पा, मोमो, लसणीचे सूप असे तेथेच पिकणारे आणि शिजणारे अन्न गरमागरम मिळाले. संस्थेने घरगुती शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बरोबर आणले होते. तिखट-तेलकट मात्र जाणूनबुजून टाळले होते, कारण उंचीवर भूक मंदावते आणि पचन बिघडले तर माणूस पाणीही नीट पीत नाही. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या आमच्या गटाने कुरकुर केली, पण पोट कोणाचे बिघडले नाही.

कालीपोखरीहून सांदकफू सहा किलोमीटर आहे. बिखेभंज्यांगपर्यंत वाट फारशी त्रास देत नाही. तेथून पुढचे चारेक किलोमीटर ही या संपूर्ण मोहिमेची खरी परीक्षा. रस्ता वळणावळणाने सरळ अंगावर येतो, वारा तोंडावर असतो, आणि वीस पावलांमागे एक थांबा घ्यावा लागतो. गट वीसच्या आत ठेवला असल्यामुळे पुढे एक, मागे एक आणि मध्ये दाजू असा मेळ बसला होता आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला, म्हणजे बहुतेक वेळा मला, आपण कोणाला अडवतो आहोत असे एकदाही वाटू दिले गेले नाही. शिखरावर दुपारी पोहोचलो तेव्हा सारे ढगात होते. येथेही नियोजनाचे महत्त्व दिसते. या रांगेवर दुपारनंतर ढग चढतात आणि पर्वतदर्शन बहुधा पहाटेच होते, म्हणून रात्रीचा मुक्काम माथ्यावर असलाच पाहिजे. काही आयोजक पैसे वाचवण्यासाठी गटाला दुपारी वर नेऊन लगेच खाली उतरवतात. अशा वेळापत्रकाला नकार द्यावा.

दुसऱ्या पहाटे आभाळ स्वच्छ होते. उत्तरेला कुंभकर्ण, कांचनजंगा, काब्रू आणि पंडिम यांची सलग रांग उभी होती. आडव्या झोपलेल्या माणसाची आकृती तिच्यात दिसते आणि तेथील लोक तिला निद्रिस्त बुद्ध मानतात. कांचनजंगेच्या ८,५८६ मीटर उंच माथ्यावर पहिले ऊन आले तेव्हा खालच्या दऱ्या अजून निळ्या अंधारात होत्या. वायव्येला, बरेच दूर, ल्होत्से, एव्हरेस्ट आणि मकालू एकत्र दिसतात. जवळ असल्यामुळे मकालूच मोठा वाटतो, आणि ८,८४८.८६ मीटरांचा एव्हरेस्ट त्याच्यामागे संकोचून उभा असल्यासारखा दिसतो. अनेक प्रवासी मकालूलाच एव्हरेस्ट समजून छायाचित्रे घेत होते. आमच्या प्रत्येकाच्या हातात मात्र संस्थेने शिखरांच्या बाह्यरेषा आणि नावे छापलेला कागद दिला होता, आणि दादा एकेक शिखर त्याच्याशी जुळवून दाखवत होते. जगातील पाच सर्वोच्च शिखरांपैकी के-टू सोडून चारही येथून दिसतात, आणि ती चारही आपण उभे आहोत त्या शिखराप्रमाणे कोणत्या ना कोणत्या राष्ट्रीय सीमेवरच आहेत. कांचनजंगा भारत आणि नेपाळच्या, उरलेली तीन नेपाळ आणि चीनच्या. १९५५ मध्ये कांचनजंगेवर प्रथम पोहोचलेले जॉर्ज बँड आणि जो ब्राउन हे सिक्कीमच्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखून माथ्याच्या काही फूट आधी थांबले, हेही तेथेच, ते शिखर डोळ्यांसमोर असताना सांगितले गेले. मला ही संस्थेची फार मोठी सेवा वाटते. नुसते दाखवणारे पुष्कळ असतात. काय पाहतो आहोत ते समजावून देणारा आयोजक क्वचित भेटतो.

उतरणीचे नियोजन मात्र मला आवडले नाही. सांदकफूहून गुरदुमवरून श्रीखोल्याला उतरणारी वाट ही या मोहिमेतील सर्वांत सुंदर वाट आहे. गाडीरस्ता सुटतो आणि ओक, बांबू व ऱ्होडोडेंड्रॉनचे दाट जंगल सुरू होते. याच जंगलात लाल पांडा राहतो, आणि बांबूची पाने हे त्याचे मुख्य अन्न. एवढी वाट एका दमात उतरवण्यात आली. सलग तीव्र उतारामुळे अनेकांचे गुडघे धरले, बोटांची नखे काळी पडली आणि जंगलाकडे पाहायला कोणालाच उसंत मिळाली नाही. गुरदुमला एक मुक्काम वाढवावा, त्यासाठी लागेल तो खर्च सांगावा, लोक देतील. हातातल्या काठ्या ऐच्छिक ठेवल्या होत्या, त्या या उतारासाठी सक्तीच्या कराव्यात. कचऱ्याबाबत संस्थेचे वर्तन चांगले होते. प्रत्येकाला एक पिशवी दिली होती आणि आपला प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा मानेभंज्यांगच्या बाजूला किंवा उतरणीकडच्या रिम्बिक गावाला परत आणायचा होता. परंतु त्याच वेळी वाटेत बाटलीबंद पाणी विकत घेतले जात होते. लॉजमधून उकळलेले पाणी भरून घेण्याची व्यवस्था आधीच ठरवली तर ही विसंगती राहणार नाही.

विम्याचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. ‘विमा समाविष्ट’ असे पत्रकात छापले होते. पॉलिसीची प्रत मागितल्यावर ती आली, पण तिच्यात किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे आणि नेपाळच्या हद्दीत अपघात झाल्यास काय, याचा खुलासा नव्हता. अर्धी वाट दुसऱ्या देशातून जात असताना हा खुलासा लेखी मिळालाच पाहिजे. तोवर प्रत्येकाने स्वतःचा वेगळा विमा काढावा असे मी सुचवते.

राष्ट्रीय उद्यान १६ जून ते १५ सप्टेंबर या पावसाळी काळात बंद असते. दूरवरची शिखरे पाहायची असतील तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हा काळ निवडावा. रात्री पारा शून्याखाली जातो, म्हणून सुती कपड्यांऐवजी लोकरी किंवा घाम लवकर सुकवणारे कपडे आणि वारा अडवणारे जाकीट घ्यावे. लाल-गुलाबी फुलांनी भरलेली ऱ्होडोडेंड्रॉनची झाडे पाहायची असतील तर एप्रिलमध्ये जावे, मात्र तेव्हा ढग अधिक असतात. ही संस्था दोन्ही हंगामांत गट नेते. नोंदणी करताना गटाची कमाल संख्या किती, कालीपोखरीचा मुक्काम वेळापत्रकात आहे का, प्राणवायूचे भरलेले नळकांडे बरोबर असेल का आणि खाली उतरवण्यासाठी गाडी किती वेळात मिळेल, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. आम्हाला या चारही प्रश्नांची उत्तरे निघण्यापूर्वी मिळाली होती आणि वाटेत ती खरी ठरली.